पाहुण्यांच्या यादीत नसलेलं भोपाळ



बाहेरगावचे पाहुणे आले की आपण भोपाळकर काय दाखवतो, ते ठरलेलं असतं. मोठा तलाव, ताज-उल-मसाजिद, चौकातली खरेदी, वेळ असला तर सांची नाहीतर भीमबेटका. माझीही यादी गेली चाळीस वर्षं हीच आहे. या जानेवारीत मात्र ती बदलली.

माझी भाची इंदूरच्या एका शाळेत शिकवते. तिथे जर्मन शिकवायला जर्मनीहूनच एक तरुण शिक्षिका आली आहे. शनिवार-रविवार आला की मैत्रिणींना घेऊन एखादं गाव बघायचं, हा तिचा नेम. उज्जैन, मांडू, महेश्वर झालं आणि भोपाळचा नंबर लागला. शनिवारी सकाळच्या गाडीने तिघीजणी मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे दाखल झाल्या.

पोहे-जिलबी खाऊन आम्ही निघालो. गौहर महालात मी तिला आपल्या बेगमांची गोष्ट सांगितली. १८१९ पासून १९२६ पर्यंत, शंभराहून जास्त वर्षं, एकीमागून एक चार बायकांनी या संस्थानाचा कारभार पाहिला. ती चकितच झाली. ताज-उल-मसाजिदचं काम शाहजहान बेगमांनी सुरू केलं आणि ते पुरं व्हायला १९८५ साल उजाडलं, हे ऐकून म्हणाली, "आमच्या कोलोनच्या चर्चला सहाशे वर्षं लागली, तुम्ही लवकर आटोपलंत!" चौकात तिने जरीचा बटुवा घेतला. मीठ घातलेला सुलेमानी चहा पिऊन तोंड वाकडं केलं आणि मग दुसरा कप मागितला. संध्याकाळी तलावाच्या काठी बसलो. यजमानीण म्हणून मी खूश होते.

रात्री जेवताना तिने विचारलं, "मावशी, तो कारखाना कुठे आहे?"

कुठला, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "अगं, तिथे बघण्यासारखं काही नाही. उद्या भीमबेटकाला जाऊ. आपल्या वाकणकरांनी शोधलेल्या गुहा आहेत."

ती सावकाश म्हणाली, "आमच्याकडे शाळेतल्या मुलांना छळछावण्या दाखवायला नेतात. मीही नेलंय. तिथेही बघण्यासारखं काही नसतं."

भाची माझ्याकडे बघत राहिली. मला घास गिळवेना. कारण खरं सांगायचं तर मी स्वतःच तिथे कधी गेले नव्हते.

२ डिसेंबर १९८४, रविवारची रात्र. मी कॉलेजात होते. आम्ही टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. वारा स्टेशनकडे आणि जुन्या शहराकडे होता, म्हणून आम्ही वाचलो. पहाटे रस्त्यावर डोळे चोळत, खोकत चाललेल्या माणसांची रांग लागली होती. आईने बादल्या भरभरून पाणी बाहेर ठेवलं. आमचे दूधवाले भैया छोल्याहून सायकलवर यायचे. सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. पुढे कारखान्यात उरलेला वायू संपवायचं 'ऑपरेशन फेथ' जाहीर झालं, तेव्हा अर्धं गाव बाहेर पडलं. आम्हीही नागपूरला काकांकडे गेलो. परत आल्यावर दुसरा दूधवाला लागला. पहिल्याची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नाही.

हे सगळं मी त्या रात्री पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. भिंतीपलीकडे झाडीतून गंजलेले सांगाडे दिसतात. आतला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत कंटेनरमधून पीथमपूरला नेला, म्हणजे चाळीस वर्षांनी. समोर जे. पी. नगरच्या बाजूला पुतळा आहे. कडेवर मूल, एक मूल पाठीशी बिलगलेलं आणि एका हाताने डोळे झाकलेली आई. रूथ वॉटरमन या डच बाईंनी तो केलाय. परदेशातून एक बाई येऊन हा पुतळा उभा करून गेली, दुसरी एक तो बघायला आली, आणि मी मात्र सात-आठ किलोमीटरवर राहून आले नव्हते. तिने फोटो काढला नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "त्या दूधवाल्यांचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. आम्ही त्यांना भैयाच म्हणायचो.

दुपारी भीमबेटका झालं, संध्याकाळी मुली इंदूरला परतल्या. पुढच्या आठवड्यात मी एकटीच छोल्याला गेले. एका चहाच्या टपरीवर म्हातारे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, तेव्हा सायकलवरून टी. टी. नगरला दूध घालणारे कोणी आठवतात का? ते म्हणाले, "बाईजी, दूधवाले तो कई थे. नाम बताइए."

त्यांनी मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. ते स्वतः त्या रात्री स्टेशनकडे पळाले होते, बायको मागे राहिली. तासभर ते बोलत होते, मी ऐकत होते. उठताना त्यांचं नाव मात्र आठवणीने विचारून घेतलं.

मंडळी, आपल्या मंडळात त्या रात्री भोपाळमध्ये असलेले बरेचजण आहेत. कोणी दवाखान्यात रात्रंदिवस राबलं, कोणी घराची दारं उघडली, आणि कोणी आमच्यासारखी बंदही ठेवली असतील. जे आठवतं ते लिहून काढा, नातवंडांना सांगा. घरी काम करायला, भाजी द्यायला, दूध घालायला कोण यायचं, त्यांची नावं आठवत असतील तर तीही लिहा.

आणि पुढचे पाहुणे आले की तलाव जरूर दाखवा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना तिकडेही न्या.