मामा, हलू नका!

हूवर धरण मागे टाकून आम्ही किंगमनच्या दिशेने निघालो होतो. गाडी भाड्याची, करार माझ्या मुलीच्या नावाचा आणि गाडी चालवत होता माझा भाचा. दुपारपर्यंत ग्रँड कॅनियन गाठायचे या घाईत त्याचा पाय जरा जड झाला असावा. आरशात लाल-निळे दिवे लुकलुकू लागले. त्याने गाडी उजव्या कडेला घेतली, इंजिन बंद केले, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुतळ्यासारखा बसून राहिला.

मला तो उद्धटपणा वाटला. आपल्याकडे पोलिसाने हात दाखवला की माणूस उतरून साहेबांजवळ जातो, दोन शब्द गोडीने बोलतो. साहेब उन्हात आणि आपण एसीत, हे बरे दिसत नाही. म्हणून मी मागचे दार उघडून एक पाय रस्त्यावर ठेवला. तोच कर्ण्यातून दरडावणी आली आणि भाचा मान न वळवता ओरडला, "मामा, आत बसा! हलू नका!"

आपला नमस्कार तिथे धोक्याची खूण ठरतो, हे तेव्हा कळले. ज्या देशात कुणाच्याही गाडीत पिस्तूल असू शकते, तिथे पोलीस आधी हात पाहतो, चेहरा नंतर. अर्थात ही सभ्यता सगळ्यांना सारखी पावत नाही. 2016 च्या जुलैमध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाने आपल्याजवळ हत्यार असल्याचे पोलिसाला स्वतःहून सांगितले होते, तरी तो गोळ्यांना बळी पडला. 2017 मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला.

आमचा पोलीस मात्र शांत होता. कागद मागितल्यावर भाचा म्हणाला, "करार समोरच्या कप्प्यात आहे, काढू का?" आधी विचारायचे, मग हात हलवायचा. करारात चालकाचे नाव नाही, हे पोलिसाच्या लगेच लक्षात आले. त्याने मुलीला विचारले, "गाडी यांना तुम्हीच दिलीत?" ती हो म्हणाली, तेवढ्यावर भागले. पण माझ्या पोटात गोळा आला होता. पुढे वाचनात आले की 2018 च्या बर्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की करारात नाव नाही एवढ्यावरून चालकाचा झडतीपासूनचा हक्क सहसा जात नाही. मात्र हा दिलासा झडतीपुरता. अपघात झाला असता तर भाड्याच्या कंपनीने विम्यावरून हात झटकले असते. आपल्या कुटुंबांत "आता जरा तू चालव" हे इतके सहज होते, की करार कुणी उघडूनही बघत नाही.

दंड तिथल्या तिथे द्यायचा नसतो. पावती घेऊन नंतर भरायचा. मी सवयीने पाकिटाकडे हात नेला होता. मुलीने तो घट्ट धरून ठेवला. पोलिसाला नोट दाखवणे म्हणजे लाच देऊ करणे. वेगाच्या दंडावर निभावणारे प्रकरण थेट फौजदारीत गेले असते.

निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढणारे पुष्कळ आहेत. त्याच्यासोबत मूळ परवानाही जवळ ठेवावा लागतो, हे भाच्याला माहीत होते म्हणून बरे.

पुढच्या गावी कंपनीच्या काउंटरवर भाच्याचे नाव जास्तीचे पैसे भरून करारात घातले. मी मागच्या सीटवर ग्रँड कॅनियन येईपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलो होतो. मुलगी हसत होती.