तीन हजार आले, पण चौदाशेचं काय?

महिन्याची पाच तारीख. मेसवाल्या काकूंनी दोनदा आठवण करून दिलीय. तुम्ही औरंगपुऱ्यातल्या एटीएममध्ये शिरता, तीन हजारांचा आकडा टाकता, मशीन आतल्या आत घरघरतं आणि नोटा काही बाहेर येत नाहीत. मोबाइलवर मेसेज मात्र लगेच येतो, खात्यातून तीन हजार वजा!

माझ्यासोबत हे झालं तेव्हा पैसे परत यायला एकोणीस दिवस लागले. शाखेत चार चकरा झाल्या. आधी ‘चोवीस तासांत येतील’, मग ‘एटीएम दुसऱ्या बँकेचं आहे, तिकडे विचारा’, मग ‘सर्व्हर डाऊन’. मधल्या काळात रूममेटकडून उधारी. पैसे जमा झाले तेव्हा मी एवढा खूश झालो, जणू बँकेने बक्षीसच दिलंय. आपलं इथंच चुकतं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेला नियम सांगतो, की असे अडकलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे माझे १४ दिवसांचे १,४०० रुपये बँकेकडे होते आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. एटीएम कुणाचंही असो, तक्रार ज्या बँकेचं कार्ड तिच्याकडेच करायची. यूपीआयने मित्राला पाठवलेले पैसे मध्येच लटकले तर मुदत फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवस. पुढे तेच, दिवसाला शंभर.

आता तुम्ही म्हणाल, शंभर-दोनशेसाठी कोण भांडत बसणार? खरंय. शिवाय गावाकडे वडिलांना त्याच बँकेतून पीककर्ज घ्यायचं असतं, त्यामुळे घरून एकच सल्ला मिळतो, ‘साहेबाशी वाकडं घेऊ नको.’ ही भीती खोटी नाही, तिची टिंगल मी करणार नाही. पण याच घरात कर्ज पूर्ण फिटल्यावर तारण ठेवलेल्या घराचे कागद महिनोन्महिने मिळत नाहीत, तेव्हाही आपण गप्पच बसतो. १ डिसेंबर २०२३ पासून ते ३० दिवसांत परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. वडिलांना हे माहीत आहे का, विचारून बघा.

भांडायची गरजही नाही. काउंटरवरच्या ताईंवर आवाज चढवून तर काहीच होत नाही, दोघांचं काम त्या एकट्या करत असतात. साधा अर्ज लिहा. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, किती दिवस उशीर, किती भरपाई. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुढे कुणी विचारत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. २०२१ च्या योजनेत तर वेळ, खर्च आणि मनस्तापासाठी एक लाखापर्यंत वेगळी भरपाई देण्याची तरतूद केली गेली. अर्थात तीन हजारांच्या घोळासाठी लाखभर मागू नका, स्वतःचंच हसं होईल.

मी अर्ज दिला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘पैसे मिळाले ना, मग आता काय?’ मी नियमाची प्रिंट पुढे केली. दहाव्या दिवशी चौदाशे जमा झाले. मेसमध्ये जेवताना काकूंना कौतुकाने सांगितलं, उशीर केला म्हणून बँकेने पैसे दिले. त्या पोळी वाढता वाढता म्हणाल्या, ‘बरं झालं. आता तू किती दिवस उशीर केलास, ते मोज.’