कणसांतला देव आणि कोठारातले विष

भयपटाचा दुसरा भाग म्हणजे पहिल्याच्या पुण्याईवर केलेला धंदा, असे आपण न पाहताच ठरवून टाकतो. डेव्हिड प्राइस दिग्दर्शित 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न २ : द फायनल सॅक्रिफाइस' (१९९२) हा अल्पखर्ची चित्रपट या समजाला बराचसा पात्र आहे. अभिनय बेताचा, मृत्यूंचे प्रसंग कधी हास्यास्पद. आणि 'अंतिम' म्हणवणाऱ्या या बळीनंतरही मालिका तीन दशके चालूच राहिली. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने तो पाहावा, असे मला वाटते.

स्टीफन किंग मराठी वाचकाला नारायण धारपांमुळे परका नाही. त्याच्या १९७७ सालच्या मूळ कथेत नेब्रास्कातील गॅटलिन गावची मुले मक्याच्या शेतात वसणाऱ्या एका देवतेसाठी सर्व प्रौढांची हत्या करतात. १९८४ साली तिच्यावर पहिला चित्रपट आला. दुसऱ्या भागात गॅटलिनची उरलेली मुले शेजारच्या गावात आणली जातात आणि हत्यासत्र पुन्हा सुरू होते. पण येथे पटकथा एक नवी गोष्ट पुढे आणते : गावातील प्रतिष्ठित मंडळींनी बुरशीने विषारी झालेला जुना मका साठवून ठेवला आहे आणि नव्या पिकात मिसळून तो विकण्याचा त्यांचा बेत आहे. ही कल्पना हवेतली नव्हे. १९८८च्या दुष्काळात अमेरिकेच्या मकापट्ट्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा प्रश्न खरोखरच उद्भवला होता.

म्हणजे एकाच हिंसेची दोन स्पष्टीकरणे समोर येतात. मुलांना देवाने झपाटले की विषाने? अद्भुताचे मर्म वाचकाच्या अशा दोलायमान अवस्थेतच असते, असे त्झ्वेतान तोदोरोव्ह म्हणतो. हा चित्रपट त्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि माघार घेतो. मुले सभागृहाची दारे बंद करून गावकऱ्यांना जाळतात. त्या आगीत मका विकणाऱ्यांचा गुन्हाही जळून जातो. त्यांना जाब विचारण्याची वेळच येत नाही. उरतो तो पिशाच्चाशी अखेरचा सामना.

माझा आक्षेप येथे आहे. अलौकिकाचा वापर सत्य अधिक तीव्रतेने दाखवण्यासाठी होऊ शकतो, तसा ते झाकण्यासाठीही होतो. रेड बेअर या मूलनिवासी प्राध्यापकाचेही तेच होते. नेब्रास्काच्या भूमीत पॉनी लोकांनी मक्याला मातेचे स्थान दिले होते. १८७०च्या दशकात त्यांना तेथून जावे लागले. त्या भूमीच्या तोंडी खरा शाप घालता आला असता. चित्रपट मात्र त्या प्राध्यापकाकडे उपदेशकाचे काम सोपवून मोकळा होतो.

असे असूनही ही कलाकृती टाकाऊ ठरत नाही. सुबक कलाकृती आपले सांधे लपवते. फसलेली कलाकृती ते उघडे टाकते. ग्रामीण पंथाच्या भयकथेत खेडे म्हणजे अंधश्रद्धा आणि शहर म्हणजे विवेक अशी सोयीची वाटणी असते. येथे ती क्षणभर मोडते, कारण कोठारातल्या विषामागे कोणताही पंथ नाही, केवळ हिशेब आहे. वर्गात भयकथा शिकवताना भूत खरे की खोटे, हा प्रश्न आपण विचारतोच. त्या भुतामुळे कोण सुटले, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे.