चित्रे पाहावयास कोणी जावे?

दिवाळी सरली, पहाटे किंचित गारवा जाणवू लागला, म्हणजे मुंबापुरीत चित्रप्रदर्शने, चित्रपटांचे उत्सव व गाण्याच्या बैठकी यांचा सुकाळ होतो. प्रतिवर्षी या सुमारास आम्ही या सदरात वाचकांकरिता एक टाचण देत असतो. ‘माहिती उपयुक्त होती’ अशी पत्रे येतात. ‘वाचून सहकुटुंब जाऊन आलो’ असे पत्र मात्र क्वचितच येते. याचे खापर आम्ही बरेच दिवस अंतरावर फोडीत होतो. आमचे बिऱ्हाड माहीमास, आणि प्रदर्शने भरावयाची ती काळ्या घोड्याशी. लोकलची गर्दी, पुलाचे जिने, चर्चगेटपासूनची पायपीट, हे सारे घरातील वडील मंडळींस कसे झेपावे?

ही सबब आता उरली नाही. २०२५ च्या मे महिन्यात भुयारी मेट्रो आमच्या शितळादेवीच्या देवळापाशी आली आणि ऑक्टोबरात तीच गाडी थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली. देवीस नमस्कार करून जमिनीखाली उतरावे आणि हुतात्मा चौकात वर यावे. वाटेत दादर, सिद्धिविनायक, गिरगाव ही स्थानके लागतात. म्हणजे आमच्या सदराचा बहुतेक मजकूर एकाच सुतात ओवला गेला म्हणावयाचा.

गाडी सुरू झाल्यावर एके सायंकाळी आम्ही आमच्या वहिनींस सहज म्हणालो, “वहिनी, उद्या चित्रे पाहावयास येता का?” वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या ताटातील तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “येईन की. पण भाऊजी, चाळीस वर्षे तुम्ही जाताहात, आजच बरे विचारावेसे वाटले?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचे वडील शाळेत ड्रॉइंग-मास्तर होते. लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत रंगांची एक पेटी होती, ती पुढे मुलांच्या खेळात कोठे गेली ते कोणासच आठवत नाही. आणि आम्ही शाळेतील सोबत्यांसह दर वर्षी प्रदर्शने पाहून येत होतो, रात्री जेवताना त्यांवर मते देत होतो, व त्या वाढीत होत्या! अंतराचा दोष किती आणि आमचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे दिवशी गेलो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ती बांधवून दिली. सकाळी अकरापासून सायंकाळी सातपर्यंत खुली, आणि प्रवेशास दिडकीही पडत नाही. नव्या लोकांस ठाऊक नसते ते हे, की येथील बहुतेक प्रदर्शने मंगळवारी सुरू होऊन पुढील सोमवारी संपतात, आणि त्या सात दिवसांकरिता चित्रकारास वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून तो बहुधा स्वतःच दालनात बसलेला असतो. त्यास काही विचारले तर तो रागावत नाही. कोणी न विचारता निघून गेले तरच त्यास वाईट वाटते.

वहिनी एका जलरंगातील चित्रापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. कोकणातील अंगण, तिन्हीसांजेची वेळ, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणती. आम्ही रंगसंगतीविषयी काही बोलणार, तोच त्यांनी खुर्चीवरील तरुणास हाक मारिली. “बाळ, दिवा कोनाड्यात आहे ना? मग वृंदावनाच्या मागे उजेड कसा पडला?” तो तरुण उठून जवळ आला, स्वतःच्या चित्राकडे टक लावून पाहू लागला आणि हसू लागला. “आजी, सहा दिवस लोक येताहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.” मग त्याने त्यांस खुर्ची दिली आणि तासभर दोघांचे पणती, वाती व सावल्या यांवर बोलणे चालले. आम्ही पिशवी धरून उभे!

पन्नासएक वर्षे रोज तिन्हीसांजेस दिवा लावणाऱ्या बाईस दिव्याचा उजेड कोठवर पोहोचतो हे ठाऊक असावयाचेच. ‘आम्हांस चित्रांतले काय कळते?’ असे म्हणून ज्या घरी बसतात त्यांतील कित्येकींची दृष्टी अशी तयार झालेली असते. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी आमच्या घरांतील लुगडी, दागिने, सणवार केवढ्या मायेने रंगविले! ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० सालच्या हिंदी स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथातील चित्रेही त्यांचीच. सावळाराम हळदणकरांचे हाती समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात, परंतु ते हळदणकरांचे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची कन्या. चित्रांत आमच्या स्त्रिया अशा शंभर वर्षांवर आहेत. चित्रांसमोर उभ्या राहणाऱ्यांत त्या किती होत्या? बाँबे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. १९३७ साली तिचे सुवर्णपदक अमृता शेरगिल यांस तीन मुलींच्या चित्राबद्दल मिळाले. म्हणजे परीक्षकांचे दार उघडे होते. आमच्या घरचे मात्र अडसर लावलेले.

जहांगीरपासून हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सोमवार मात्र टाळावा. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत काळा घोडा कला महोत्सव भरतो. १९९९ पासून हा परिपाठ आहे. रविवारी तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. वृद्धांस न्यावयाचे तर आठवड्यातील मधला दिवस, आणि तोही दुपारचा, पाहावा.

आता चित्रपट. गिरगावाच्या स्थानकावर उतरणाऱ्यांनी मनात आणावे, की याच भागात, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. चित्रण झाले दादरास. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सरस्वतीबाई फाळके अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या कडांस छिद्रे पाडीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत, हे तितके सांगितले जात नाही. या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले असे मानतात. त्यांतील जेमतेम तीस आज शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर बहुतेक फिल्म जळून वा विरून गेली होती.

चांगले जुने-नवे चित्रपट पाहू इच्छिणाऱ्यांकरिता प्रभात चित्र मंडळ ही १९६८ साली स्थापन झालेली आमची मराठी मंडळींची संस्था आहे. तिचे सभासद व्हावे. आशियाई चित्रपटांचा ‘थर्ड आय’ महोत्सव अलीकडे जानेवारीत भरतो. एकच तक्रार: इराणी वा जपानी संवादांखाली येतात त्या ओळी इंग्रजीत. शेजारी बसलेल्या नातवाने कानात मराठी सांगावे, तर पुढील रांगेतले लोक वळून पाहतात. मराठी नगरीत भरणाऱ्या उत्सवांच्या चालकांनी निदान चार चित्रपटांस मराठी ओळी द्याव्यात अशी आमची विनंती आहे. नाटकगाण्याच्या शौकिनांस सिद्धिविनायकानजीकचे रवींद्र नाट्य मंदिर दुरुस्तीनंतर २०२५ साली पुन्हा खुले झाले आहे, आणि केळेवाडीतील साहित्य संघ तर आमच्या पिढीचे माहेरच.

डिसेंबरात खुद्द माहीमास मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचा मेळा भरतो. पहिला मान माहीमच्या पोलिसांचा. लोक पाळणे व मिठाई यांसाठी जातात. परंतु हे सत्पुरुष कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे पंडित होते, आणि भाष्यकार म्हटला की आमच्यासारख्या संस्कृतवाल्यास त्याच्याविषयी आपुलकी वाटतेच.

मंगळवारी नवी चित्रे लागतात, हे वहिनींस आता पाठ झाले आहे. त्या तरुणाने पणतीचे चित्र पुन्हा काढावयास घेतले असून पाहावयास बोलाविले आहे. मंगळवारी त्यांचा उपास असतो, तेव्हा बुधवारी निघावयाचे ठरले आहे. शेजारच्या दोघीही येणार आहेत. पिशवी आम्हीच धरणार.