चर्चा बाटलीची, विसर रुग्णाचा

चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठविली. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाचे गणित मांडले. बंदी असो वा महसूल, चर्चा बाटलीभोवतीच फिरली. सकाळी उठताच दारूविना ज्याचे हात थरथरतात, त्याच्यावरील उपचारांचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीतून दिसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक जणांना मदतीची गरज आहे. मात्र दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एकच.

निर्धार का अपुरा पडतो?

‘मनावर घेतले तर सुटेल’, ‘लग्न लावून द्या, सुधारेल’, ‘माळ घाला’ हे आपल्याकडचे नेहमीचे सल्ले. काहींना त्यातून बळ मिळतेही. पण दीर्घकाळच्या नशेमुळे मेंदूतील सुख आणि संयम यांच्याशी संबंधित यंत्रणाच बदलते. आनंदासाठी सुरू झालेले पिणे पुढे केवळ त्रास टाळण्यासाठी चालू राहते. बऱ्याच वर्षांच्या अतिमद्यपानानंतर दारू एकाएकी थांबविल्यास फिट येणे, भास होणे असे प्रकार घडतात. प्रसंगी ते जिवावर बेततात. त्यामुळे घरात कोंडून दारू सोडविण्याचा प्रयोग धोक्याचा ठरतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

शरीरातील विष उतरणे ही केवळ पहिली पायरी. खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. मित्र तेच, रस्ता तोच, पगाराचा दिवसही तोच.

‘मुक्तांगण’चा धडा

ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने तरुणांना विळखा घातला, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांच्या लेखांनी समाज हादरला. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. औषधांच्या जोडीला समुपदेशन, गटचर्चा, व्यसनातून बाहेर पडलेल्यांची सोबत आणि नंतरचा नियमित पाठपुरावा यांवर तेथे भर राहिला. पत्नीही या आजारात होरपळते, हे ओळखून तिच्यासाठीही आधारगट उभा राहिला.

उपचारांनंतर पुन्हा घसरण झाली की ‘पैसे वाया गेले’ असे म्हटले जाते. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. व्यसनाचेही तसेच आहे. घसरण म्हणजे उपचार बदलण्याची किंवा वाढविण्याची सूचना असते.

कायदा पुढे, व्यवस्था मागे

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. परंतु सल्ला फोनवर मिळाला, तरी उपचार गावाजवळ हवेत. हातावर पोट असलेल्याला महिनाभराचा रोजगार बुडवून शहरातील केंद्रात राहणे कसे परवडावे?

चंद्रपूरशेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे २०१६ पासून राबविलेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात गावसंघटनांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचार दवाखाने आणि गावांत शिबिरे यांवर भर देण्यात आला. पुरवठा रोखणे आणि रुग्णाला सावरणे ही दोन्ही कामे एकत्र चालू शकतात, हे त्यातून दिसते.

दारूबंदीच्या बाजूने वा विरोधात बोलणाऱ्यांचे यावर तरी एकमत व्हायला हरकत नाही. मद्यातून येणाऱ्या महसुलाचा ठरावीक वाटा तालुका पातळीवरील उपचार आणि पाठपुराव्यासाठी राखून ठेवायला हवा. ३८ जणांतील उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोहोचण्याची सुरुवात तेथूनच होईल.