उभी गाडीही म्हातारी होते



जुनी स्पोर्ट्स कार कमी चालवली की खर्चही कमी, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. पोर्शे ९४४ (१९८२-९१) घ्या. तिचा टायमिंग बेल्ट रबरी. उभ्या गाडीतही तो वयाने कडक होतो, चिरतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. (‘नुकताच बदललाय’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे पावती मागाच.) क्लचची मजुरी भारी, कारण गिअरबॉक्स मागे आहे, पण त्यामुळेच वजन पुढे-मागे जवळपास सारखे राहते आणि वळणावर ही गाडी इतकी सुरेख चालते! ती झाकून ठेवू नका, इंजिन पुरते तापेपर्यंत नियमित चालवा.

– एक वाचक