‘रन’ म्हणजे फक्त धावणे नव्हे

सहावी-सातवीच्या मुलांना ‘रन’चा अर्थ विचारला, तर सारा वर्ग एका आवाजात सांगतो, ‘धावणे’. उत्तर बरोबर आहे. पण तेवढ्यावरच थांबलेले मूल ‘माय नोज इज रनिंग’ वाचताना अडते. नाक कुठे धावते?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. त्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. त्यावर संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिन्यांहून अधिक काळ काम केले.

घाबरू नका, ६४५ अर्थ कोणालाच पाठ करायचे नाहीत. आम्ही वर्गात थोडेच अर्थ घेतो. पाणी, नळ, नाक असेल तर ‘रन’ म्हणजे वाहणे. ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. गंमत पाहा, इंग्रजीत जे धावते ते मराठीत चालते आणि उर्दूतही ‘दुकान चलती है’! क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ म्हणजे धावचीत. पण ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे घरातले दूध संपले. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. इंग्लंडमध्ये मात्र तो आपल्यासारखाच ‘उभा राहतो’.

आता आपल्या घरातला एक शब्द घेऊ: ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, शाळेला सुट्टी लागते. उर्दूत भूक लगती है, आग लगती है, दिल लगता है. याचे अर्थ कोणत्या मुलाने पाठ केले? अम्मी-दादीच्या बोलण्यातून वाक्ये कानावर पडली आणि अर्थ आपोआप कळले. इंग्रजीही अशीच येते, वाक्यावाक्याने.

म्हणूनच एक गोष्ट आम्हाला खटकते. मूल इंग्रजी शाळेत गेले की काही घरांत उर्दू-मराठी बोलायला मनाई होते. इंग्रजी न येणारी अम्मी मग अभ्यासाच्या वेळी गप्प बसते. बहिणींनो, गप्प बसू नका. मुलाने इंग्रजी वाक्य वाचले की एवढेच विचारा, ‘बेटा, हे आपल्या बोलीत कसे म्हणशील?’ ‘नाक धावते’ असे त्याने म्हटले, तर तुम्हीच पहिल्यांदा हसाल आणि चूक तिथेच सापडेल. त्यासाठी इंग्रजी यावी लागत नाही, आपली बोली पक्की असावी लागते.

मुलांनी वहीत ‘शब्द आणि अर्थ’ अशी जोडी न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे. या महिन्यात ‘टेक’ची पाच वाक्ये जमवा. औषध घेणे सापडेल, फोटो काढणे सापडेल. ‘इट टेक्स टाइम’ आले की अम्मीला विचारा. ती सांगेल, ‘वेळ लागतो.’